‘गॅलिकन’ची ‘अँग्लिकन’शी गल्लत

प्रश्न असा आला आहे: फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या एका लेखात ‘गॅलिकन चर्च’ असं वाचलं. ही ‘अँग्लिकन’ची छपाईतली चूक की वेगळा पंथ? ‘स्वतंत्र फ्रेंच चर्च’ म्हटलं तर चालेल का?

चूक नाही, पंथही नाही. गॅलिया हे फ्रान्सचं रोमन काळातलं नाव, त्यावरून गॅलिकन. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडचं चर्च; राजा आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये ते रोमपासून तोडून स्वतःला त्याचा प्रमुख करून घेतलं. गॅलिकन मंडळी मात्र पक्की कॅथलिक. पोपचा मान त्यांना मान्य, फ्रान्सच्या कारभारातली त्याची लुडबुड अमान्य.

चौदाव्या लुईच्या राज्यात, १६८२ मध्ये, फ्रेंच धर्मगुरूंच्या सभेनं हे चार कलमांत मांडलं. मसुदा बिशप बोस्युए यांचा. राजा ऐहिक बाबतीत पोपच्या अधीन नाही, सगळ्या चर्चच्या बिशपांची धर्मपरिषद पोपहून वरचढ, फ्रान्सच्या चर्चचे जुने रिवाज अबाधित, आणि चौथं सगळ्यांत झोंबणारं: श्रद्धेच्या प्रश्नावर पोपनं दिलेला निर्णयही चर्चच्या संमतीवाचून अंतिम नाही. पोप अकराव्या इनोसंटनं यावर चिवट उपाय काढला. त्या सभेत बसलेल्या कुणाला राजानं बिशप नेमलं, की त्याचं मान्यतापत्रच अडवून ठेवायचं! तीसहून अधिक बिशपांच्या जागा अशा लटकल्या. शेवटी १६९३ मध्ये लुईनं नमतं घेतलं. विचार मात्र टिकला. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेनं पोपचे असे निर्णय ‘स्वतःच’ अंतिम असतात, चर्चच्या संमतीमुळे नव्हे, असं ठरवलं. ते याच चौथ्या कलमाला उत्तर.

म्हणून ‘स्वतंत्र’ नको. फ्रेंच लोक ‘लिबेर्ते’ (स्वातंत्र्य) हा शब्द इथं अनेकवचनात वापरतात. त्याचा अर्थ पूर्वापार हक्क. मी तरी ‘गॅलिकन’ तसाच ठेवून पहिल्यांदा ‘फ्रेंच चर्चचे पूर्वापार हक्क मानणारा’ असा खुलासा करीन. विरोधी पक्ष ‘अल्ट्रामाँटेन’, म्हणजे आल्प्सपलीकडच्या रोमचा कैवारी. कोकणातून ‘घाटावरचा’ म्हणावं, त्यातलाच प्रकार.

गोव्यातल्या ‘पाद्रोआदो’ला, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या चर्चवरच्या हक्काला, मात्र हा शब्द लावू नये. तिथंही बिशपाचं नाव पोर्तुगालचा राजा सुचवायचा, पण तो हक्क पोपनंच दिलेला होता. गॅलिकन म्हणायचे, आमचे हक्क कुणी दिलेले नाहीत, ते आधीपासूनचे आहेत. अर्थात फ्रान्सच्या राजाला बिशप सुचवता येत होते तेही १५१६ साली पोपशी झालेल्या कराराच्या जोरावरच.