समाजव्यवस्था कोलमडली तर उपयोगी पडावं म्हणून सोनं-चांदी आणि अदलाबदलीच्या वस्तू घरात साठवाव्यात का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहता. युद्ध किंवा तसलंच काही होऊन पैशाला किंमत उरली नाही तर हाताशी असावं म्हणून दहा-दहा ग्रॅमची पाच सोन्याची नाणी, किलोभर चांदीची वीट आणि वर सिगारेट, दारू, मीठ असं अदलाबदलीचं सामान घ्यायचा तुमचा विचार आहे. मी ठाण्यातच एका सराफी पेढीवर मोडीच्या काउंटरला बसतो. लोक सोनं विकायला येतात ती ही बाजू, आणि उत्तरही त्याच बाजूने देतोय. सोनं जरूर घ्या, पण ते कामाला येतं अडचण ओसरल्यावर. अडचणीच्या ऐन दिवसांत चालते ती बेगमी आणि उधारी.

एप्रिल २०२० आठवा. २६ तारखेला अक्षय्य तृतीया होती. एरवी त्या दिवशी सराफाच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. त्या वर्षी सगळी शटरं खाली. सोन्याचा भाव मात्र चढत होता, ऑगस्टमध्ये तो दहा ग्रॅमला ५६ हजारांवर गेला. कागदावर सगळे श्रीमंत झाले, पण ज्याला एप्रिलचं घरभाडं भरायला पाटली मोडायची होती त्याला ती मोडून देणारं कुणी नव्हतं. आणि ही तर सरकार, पोलीस, बँका, रेशन सगळं जागेवर असतानाची गोष्ट.

बरं, दुकानं बंद आहेत आणि तुम्ही भाजीवाल्यापुढे नाणं धरलंत असं समजू. तो ते ओळखणार कसं? आम्ही डाग, म्हणजे दागिना, मशीनमध्ये ठेवतो, थोड्या वेळात कॅरेटचा आकडा पडद्यावर येतो. वीज नसेल तर कसोटीचा दगड. दगडावर डाग घासला की पिवळी रेघ उमटते, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडायचा. पितळ असेल तर रेघेला हिरवट फेस येतो आणि बघता बघता ती नाहीशी होते. बावीस कॅरेटची रेघ जागची हलत नाही. मधल्या कसाचं सोनं असेल तर शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढून ताडून बघावं लागतं, आणि तो फरक डोळ्यात बसायला वर्षं जातात. मुलामा जाड असला तर दगडही फसतो, मग कानस लावावी लागते. एवढं सगळं जमणारा माणूस तुमच्या सोसायटीच्या गेटवर भेटणार नाही. अनोळखी माणूस तुमचं सोनं घेईलही, पण खोटं निघण्याची भीती किमतीतून वजा करूनच.

दुसरी भानगड सुट्याची. नोटाबंदीनंतर हातात दोन हजारांची कोरी नोट असूनही दुधाची पिशवी घेता येत नव्हती, कारण उरलेले पैसे परत द्यायला कुणाकडे सुटे नव्हते. दहा ग्रॅमच्या नाण्याचं तेच होईल. त्यापेक्षा चोख सोन्याची एक-दोन ग्रॅमची वेढणी, म्हणजे साधी वळी, घ्या. आपल्या घरांत गुरुपुष्याला वेढणं घ्यायची रीत आहेच. लहान नगाला घडणावळ ग्रॅममागे जास्त पडते, वर ३ टक्के जीएसटी. हे पैसे मोडीत परत येत नाहीत, ते सोसायची तयारी ठेवा. बँकेतून नाणं घेऊ नका. बँक विकते, परत विकत घेत नाही, आणि मग ते आमच्याच काउंटरवर येतं.

चांदीत मला स्वतःला राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेला जुना रुपया आवडतो. ११.६६ ग्रॅम वजन, जवळपास ९२ टक्के चांदी, आणि खेड्यातली म्हातारी माणसं तो अजून हातात घेऊन ओळखतात. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, तेव्हा साल बघून घ्या. हल्ली बाजारात नकली राणीछापही पुष्कळ फिरतात, म्हणून ओळखीच्या सराफाकडूनच.

आणखी एक गोष्ट तरुण मंडळींना सहसा माहीत नसते: संकट आलं की सरकारही सोन्याला हात घालतं. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि हजारो सोनारांचा धंदा बसला. पुढे १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसाला लगडी-बिस्किटं बाळगायची मनाई झाली, दागिन्यांना मुभा राहिली. तो कायदा १९९० साली गेला. आयकर खात्याची १९९४ ची सूचना बघा: झडतीत विवाहित बाईचे ५००, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करायचे नाहीत. सूट दागिन्यांना आहे, बिस्किटांना नाही. तेव्हा थोडं सोनं बिनखड्याच्या, हॉलमार्कच्या दागिन्यांत असू द्या, म्हणजे पाटली, बांगडी, गोफ. लाख भरलेला, खड्यांनी मढवलेला डाग मोडताना जीव हळहळतो.

बाहेरचे दाखले बघायचे तर बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला १९९२ ते १९९६ वेढा होता. तिथला तंबाखूचा कारखाना वेढ्यातही चालू राहिला, कामगारांना पगारात सिगारेटी मिळायच्या आणि बाजारात त्याच चालायच्या. म्हणजे तुमची सिगारेटची कल्पना अगदीच वेडी नाही. फक्त त्या तिथे ताज्या बनत होत्या. ठाण्याच्या जुलैमध्ये तुमच्या कपाटातल्या पाकिटांना बुरशी धरेल. दारूला परवाना लागतो आणि साठ्याला मर्यादा असते. पेट्रोलचा विचारसुद्धा करू नका, फ्लॅटमध्ये तो आगीला आवतण आहे.

बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात लोकांनी भांडी, दागिने, जमिनी विकून तांदूळ घेतला. सगळेच विकायला निघाल्यावर विकणाऱ्याच्या हाती काय पडणार? याउलट आपल्याच जिल्ह्यातलं उल्हासनगर बघा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची ती छावणी. ज्यांना दोन डाग वाचवून आणता आले त्यांना नव्या गावात धंद्याची सुरुवात करायला ते कामी आले असतील, कारण इथला बाजार चालू होता. सोन्याचं खरं काम तेच: मोडलेल्या जागेतून चालत्या जागी किंमत उचलून नेणं.

आता अदलाबदल. पैशाशिवाय चालणारं गाव आपल्याकडे फार जुनं नाही. सुतार वर्षभर औतं दुरुस्त करायचा, न्हावी वर्षभर हजामती करायचा, कुंभार मडकी द्यायचा आणि सुगीत खळ्यावर सगळ्यांना धान्याचं बलुतं मिळायचं. त्यात जातीचा जाच होता, गोडवे गायला मी ते सांगत नाही. पण बघा, तिथेही मिठाची पुडी देऊन लगेच खिळे घ्या असं फारसं नव्हतं. मधले महिने सगळं उधारीवर आणि ओळखीवर चालायचं. तुमच्याकडे दहा किलो मीठ आहे आणि मजल्यावरचं एकही घर तुम्हाला नावाने ओळखत नाही, तर त्या मिठाचं तुम्ही काय करणार? लॉकडाऊनमध्ये ज्यांचं वाण्याकडे खातं होतं त्यांना सामान घरपोच आलं. महिन्याचा किराणा पूर्ण ॲपवरून मागवत असाल तर निम्मा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वळवा. एवढी एक गोष्ट केलीत तरी किलोभर चांदीपेक्षा जास्त पदरात पडेल.

साठवायचंच तर आगरी-कोळी घरांकडे बघा. समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून मे महिन्यातच त्यांची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी होते: वर्षाचा मसाला, सुके बोंबील, सुकट, जवळा, कांदे, तांदूळ. अदलाबदलीसाठी म्हणून त्यात काहीच नसतं, पण शेजारी अडला तर वाटीभर देता येतं आणि त्याची आठवण राहते. तुमच्या घरात जे रोज लागतं त्याचाच महिनाभराचा जास्तीचा साठा ठेवा, जुनं आधी वापरा, नवं मागे लावा. डाळीला एरंडेल चोळा. मीठ, साखर, चहा पावडर, साबण, काडेपेट्या, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड, ओआरएसच्या पुड्या. तेल फार साठवू नका, ते खवट होतं.

यातलं सोनं-नाणं घ्यायच्या आधी पाण्याचं बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली होती. अशा वेळी तळटाकीत पाणी असूनही पंप चालत नाही, म्हणजे चौदाव्या मजल्यावर नळ कोरडा आणि लिफ्ट बंद. सोसायटीच्या जनरेटरवर पंप आहे का आणि डिझेल किती तास पुरतं, हे पुढच्या सभेत विचारा. घरात झाकणाचे वीस लिटरचे तीन-चार कॅन भरून ठेवा.

ठेवायचं कुठे, तर बहुतेक सोनं बँकेच्या लॉकरमध्येच. मात्र आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेला घोटाळा झाला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे. भाडं चार हजार असेल तर चार लाख. पूर, भूकंप त्यात धरत नाहीत. बँक बंद तर लॉकरही बंद, म्हणून दोन-चार वेढणी आणि थोडी लहान नोटांची रोकड घरी ठेवा, कपाटाच्या आतल्या तिजोरीत नको, चोर आधी तीच फोडतो. घरातल्या एका माणसाला जागा माहीत असलीच पाहिजे. वडील गेले आणि सोनं कुठे ठेवलं ते कुणालाच माहीत नाही, असं सांगणारी मुलं आमच्याकडे येतात. पावत्यांचे फोटो त्याच माणसाकडे असू द्या.

चांदी वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड तर लावूच नका, रबरातल्या गंधकाने ती काळी पडते. खाडीच्या आणि कारखान्यांच्या हवेत ती इथे तशीही लवकर काळवंडते. हवाबंद पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी पुरे. किलोची वीट मात्र घेऊच नका, तिचा तुकडा पाडायला तुम्हाला पुन्हा आमच्याकडेच यावं लागेल.