पोळी-भाजी केंद्र काढताय? आधी एवढं करा

ताई, नोकरी सोडून पोळी-भाजी केंद्र काढायचा विचार चांगला आहे, पण राजीनामा आत्ताच देऊ नका. गाळाही घेऊ नका. डिपॉझिट आणि फर्निचरमध्ये भांडवल अडकलं की पीठ-तेल भरताना हात आखडतो. नव्या माणसाचं हे नेहमीच होतं. सुरुवातीला घरच्या ओट्यावरूनच, ओळखीच्या दहा-बारा डब्यांवर चालवून बघा.

सगळ्यात मोठी गडबड होते ती भावात. शेजारचा दहाला पोळी देतो म्हणून आपणही दहाला, असं नको. तुमच्या आकाराच्या पोळ्या एक किलो पिठात किती होतात ते मोजा. तेल, गॅस, फॉइल, डबा पोचवणाऱ्याचे पैसे धरा. आणि तुमची स्वतःची मजुरी! ती बहुतेक जणी धरतच नाहीत. मग रोज गल्ला भरलेला दिसतो आणि महिनाअखेरीला हातात काही उरत नाही.

बाकी थोडक्यात:

- धंद्याचं खातं वेगळं, क्यूआर कोडही त्याच खात्याचा. घरचा किराणा त्यातून नको.
- एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी घरून विकतानाही लागते, ती आधी करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.
- महिन्याच्या डब्याचे पैसे आगाऊ घ्या. ओळखीतल्यांकडूनसुद्धा.

कर्ज, जीएसटी, स्विगी-झोमॅटो सगळं नंतर. पावसाळ्यात भाजी कडाडल्यावरही हिशेब बसतोय का, ते आधी कळू दे. तुम्हाला जमेल हे. एका पोळीचा खर्च काढलात की मला दाखवा, मी बघते.