आभाळ आलंय, हरभरा आज सवंगू (कापू) का?

नागपूर जिल्ह्याला विजा, वादळी पाऊस आणि गारपिटीचा इशारा आल्यापासून फोन थांबलेला नाही. प्रश्न अनेक, पण निम्म्याहून जास्त जणांची अडचण एकच. उमरेडकडच्या एका दादांनी ती नेमकी मांडली: "साहेब, तीन एकर हरभरा वाळून उभा आहे, दोन एकर सवंगून वावरातच पडलाय. मजूर सहाच मिळाले. काय करू?"

दादा, सहाही मजूर सवंगलेल्या दोन एकरांवर लावा. उभ्याला आज हात लावू नका. उभं झाड भिजलं तरी त्यातून वारा खेळतो, एक-दोन उन्हांत ते पुन्हा वाळतं. जमिनीवर पडलेला माल खालून ओल ओढतो, आतून तापतो, मग दाणा काळा पडतो आणि कोंब फुटतात. गार पडली तर उभ्याचे घाटे झडतील, हे खरं. पण गार एखाद्या पट्ट्यात पडते, पाऊस मात्र बहुतेकांच्या वावरात येतो. आज कापून ठेवलेला तिसरा एकर तुम्ही झाकणार कशाने?

गंजी उंच जागी लावा, खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, थर द्या, वरून ताडपत्री ओढून दोरानं आवळा. नुसते दगड ठेवून वादळात ती टिकत नाही. आणि पाऊस उघडला की पहिल्याच उन्हाला ताडपत्री काढा. झाकून निश्चिंत झालेल्यांचाच माल बुरशीने गेलेला मी जास्त पाहिलाय. थ्रेशर दारात उभा आहे म्हणून ओला हरभरा त्यात घालू नका. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. साठवताना ओलावा १० टक्क्यांच्या वर नको.

भिवापूर, कुहीकडे मिरची वाळत घातलेल्यांनाही हेच. वाळलेली आधी पोत्यात भरून घरात, अर्धवट वाळलेली वेगळी पसरून छताखाली. दोन्ही एकत्र केल्या तर चांगलीलाही बुरशी लागेल.

सावनेरहून विचारणा आहे: गव्हाला शेवटचं पाणी राहिलंय, लाईट रात्रीचीच आहे, देऊन टाकू का? नको. ओंबी भरलेली, माती मऊ आणि त्यात वादळ, म्हणजे गहू लोळलाच. लोळला तर उभा करत बसू नका, ताटं मोडतात. साचलेलं पाणी चर काढून बाहेर घाला, बस.

काटोलच्या एका बागायतदारांनी विचारलं, "ऑरेंज अलर्ट आहे म्हणतात, तो संत्र्यासाठीच का?" हसू आलं, पण प्रश्न रास्त आहे. तो फक्त रंग आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. संत्र्याला मात्र धोका खराच आहे, कारण आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, फळं आता वाटाण्याएवढी आहेत. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, तोडायला आलेली फळं असतील तर पावसाआधी उतरवा. भिजलेलं फळ क्रेटमध्ये भरू नका.

गारा पडून गेल्यावर खरं काम सुरू होतं. गारेने सालीला जखम होते आणि तिथूनच बुरशी आत शिरते. म्हणून दोन दिवसांच्या आत कॉपर ऑक्सिक्लोराईड ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात घेऊन पूर्ण झाडावर फवारा. मोडलेल्या फांद्या ओढून तोडू नका. करवतीने साफ कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १० लिटर पाणी. पडलेली फळं बागेबाहेर खड्ड्यात पुरा. फळगळ सुरू राहिली तर आठवड्याभराने जिब्रेलिक ॲसिड दीड ग्रॅम आणि युरिया एक किलो, १०० लिटर पाण्यात. याच कामाला २,४-डी सुद्धा चालतं, पण ते तणनाशकही आहे, म्हणून मी ते सुचवत नाही. पंप नीट न धुता तोच पुढे पऱ्हाटीला (कपाशीला) वापरला जातो आणि मग पानं आकसली म्हणून फोन येतो.

एका शाळकरी मुलाने वडिलांच्या फोनवरून विचारलं, टीव्हीवर हिमाचलात बर्फ दिसतोय, तो इकडे येईल का? नाही बाळा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, तिकडे डोंगरावर हिम पाडतो. त्याची वरची थंड हवा इकडे पोचते, खाली आपली तापलेली जमीन आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल असते. त्यातून उंच ढग उठतात. आतला जोरदार वारा थेंबांना गोठणाऱ्या थरात वर फेकतो, थरावर थर चढतो, वाऱ्याला वजन पेलवेनासं झालं की गार खाली येते. हिम पिसासारखं पडतं, गार दगडासारखी.

आणि विजेबद्दल कोणीच विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ताडपत्री, मोटर, सगळं सोडून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. चिंचेखाली, महूखाली थांबू नका, जनावरंही झाडाला किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधू नका. मोबाईलवर 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा, आसपासच्या विजेची सूचना त्यावर येते.

नुकसान झालंच तर बाग झाडण्याआधी फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांना त्याच दिवशी कळवा. शासकीय मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं. विमा असेल तर स्थानिक आपत्ती त्यात धरली आहे का ते आजच पाहून ठेवा. धरली असेल तर ७२ तासांत कळवावं लागतं. पंचनाम्याची वाट पाहत फवारणी मात्र थांबवू नका. औषध मारल्याने गारेचा वण पुसला जात नाही.