ठराव आणि जाहीरनामा: मेक्लेनबर्गच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या इतिहासात ‘मेक्लेनबर्ग डिक्लेरेशन’ येते, म्हणजे मेक्लेनबर्ग परगण्याने १७७५ मध्येच ब्रिटनपासून स्वातंत्र्य जाहीर केले असे सांगणारा मजकूर. अनुवादात त्याला ‘मेक्लेनबर्गचा ठराव’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. आणि याच उदाहरणात तर अजिबात नाही, कारण तिथला दोनशे वर्षांचा वाद ‘ठराव’ आणि ‘जाहीरनामा’ या दोन शब्दांमधल्या फरकावरच उभा आहे.

आधी मराठीचे पाहू. शब्दांबरोबर येणारी क्रियापदे सगळे सांगून जातात. ठराव मांडतात, त्याला अनुमोदन मिळते, तो मंजूर होतो. म्हणजे समोर सभा हवी. जाहीरनामा काढतात, प्रसिद्ध करतात. ‘जाहीर’ म्हणजे उघड, ‘नामा’ म्हणजे लेख. पंचनामा, करारनामा ही त्याचीच भावंडे. १८५८ चा राणीचा जाहीरनामा कुठल्या सभेने मंजूर केला नव्हता, तो लोकांना वाचून दाखवला गेला. उलट १९२९ साली लाहोरला काँग्रेसने केला तो पूर्ण स्वराज्याचा ठराव. ‘घोषणा’ इथे मी टाळतो; मराठीत घोषणा मोर्चातही दिल्या जातात, त्यामुळे लिखित दस्तऐवजाचा अर्थ पातळ होतो.

आता नॉर्थ कॅरोलायनातल्या मेक्लेनबर्ग परगण्याकडे वळू. तिथल्या समितीने शार्लट गावी ३१ मे १७७५ रोजी वीस कलमी ठराव केले आणि ते त्याच जूनमध्ये वर्तमानपत्रात छापून आले. राजाने दिलेले अधिकार रद्द, असे त्यांत आहे. पण ब्रिटिश पार्लमेंटने आपले अन्यायी दावे सोडले तर हे ठराव लागू राहणार नाहीत, अशी वाटही ठेवली आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा असा परतीचा रस्ता ठेवत नाही.

जाहीरनामा म्हणून जे ओळखले जाते ते वेगळेच. त्यावर तारीख २० मे १७७५, पण छापून आले १८१९ साली, ‘रॅली रजिस्टर’ या वर्तमानपत्रात. समितीचे जुने कागद जॉन मॅकनिट अलेक्झांडर यांच्याकडे होते. १८०० मध्ये त्यांचे घर जळाले, कागदही गेले. मग त्यांनी आठवणीतून लिहिलेला मजकूर मुलाने प्रसिद्ध केला. त्यातली काही वाक्ये अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशी इतकी जुळतात की त्याचे मसुदाकार थॉमस जेफरसन यांनी उचलेगिरी केल्याचा संशय माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सना आला. जेफरसन यांनी हा मजकूरच बनावट असल्याचे उत्तर दिले. १८३८ मध्ये ३१ मेच्या ठरावांचा छापील पुरावा हाती लागला. अलेक्झांडर यांच्या आठवणीत त्या ठरावांचाच जाहीरनामा झाला असावा, असे बहुतेक इतिहासकार मानतात आणि मलाही तेच पटते. तरी नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या झेंड्यावर आजही २० मे १७७५ हीच तारीख आहे!

म्हणून ३१ मेचे ‘ठराव’ आणि २० मेचा ‘कथित जाहीरनामा’ असे लिहावे. ‘कथित’ गाळू नये.

ठरावांच्या लेखनाचे श्रेय परंपरेने डॉ. एफ्रेम ब्रेव्हार्ड यांना दिले जाते. त्यांना ‘लेखक’ म्हणण्यापेक्षा ‘मसुदाकार’ म्हणा. मसुदा हा मूळ अरबी शब्द, अर्थ ‘काळे केलेले’, म्हणजे खाडाखोडीचा पहिला कागद. सभेच्या ठरावाला मसुदाकार असतो; लेखकपण सगळ्या सभेचे. १८१९ च्या मजकुरापुरते मात्र अलेक्झांडर यांचेच नाव द्यावे लागेल.