समुद्र तापत चाललाय, मग किनाऱ्यावरची माणसं कशी निभावतात?

तुम्ही विचारलंय की समुद्राचं पाणी गरम होतंय, तर मासळीवर जगणारे लोक नेमकं काय बदलतात. मी धुळ्याचा. इथून समुद्र लांब, पण घरचा धंदा सुक्या मासळीचा. माल सातपाटी-वसईकडून येतो आणि साक्री, दोंडाईचा, नवापूरच्या आठवडे बाजारात जातो. त्यामुळे बोटवाल्यांपेक्षा मासळी वाळवणाऱ्या बायकांशी माझं बोलणं जास्त.

आधी बोटींचं. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातलं वरचं पाणी साधारण १ अंशाने तापलं. वरचा थर गरम झाला की खालचं थंड, कसदार पाणी वर येत नाही, माशांचं खाद्य घटतं आणि मासळी जागा सोडते. केरळची म्हणून ओळखली जाणारी तारली आता उत्तरेकडेही सापडते. नाखवा लांब जातो, डिझेल जास्त जळतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे असेल ते कळवते, त्याने फेरी फुकट जाणं थोडं कमी होतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पापलेटची पिल्लं न मारणं. सातपाटीच्या मच्छीमारांनी हा आग्रह धरला होता. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीचा पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला.

पण खरी ओढाताण बंदरावर नाही, वाळवणीच्या जागेवर आहे. बोंबील मीठ न लावता वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे आडव्या बांबूंच्या मांडणीवर टांगायची, एकेक करून, हाताने. या मासळीत पाणीच जास्त, म्हणून सगळी मदार ऊन आणि वाऱ्यावर. हा हंगाम ऑक्टोबर ते मे. तापलेल्या समुद्रावर चक्रीवादळं येतात तीही पावसाळ्याच्या या दोन टोकांना. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. २०२१ ला तौक्ते मे महिन्यात आलं, म्हणजे आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी भरायची वेळ. वादळ किनाऱ्याला लागलंच पाहिजे असंही नाही. नुसतं आभाळ भरून चार सरी आल्या तरी वलांडीवरचा माल गेला.

असा माल दुकानात हातात घेतला की लगेच कळतं. नीट वाळलेला बोंबील वाकवला की कट्‌कन मोडतो. पाऊस खाल्लेला नुसताच वाकतो, पोटाकडे लालसर पडतो आणि त्याचा वास दोन दिवसांत शेजारच्या जवळ्यालाही लागतो. गिऱ्हाईक तो घेत नाही, मग तो कोंबडीखाद्याच्या भावात जातो.

यावर बायकांनी काय केलं? मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघून माल कमी-कमी टांगतात, ताडपत्री हाताशी ठेवतात, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला की अर्धवट वाळलेलं उतरवतात. काही गटांनी सोलर ड्रायर घेतलेत. त्यातला माल स्वच्छ आणि एकसारखा असतो, मी त्याला जास्त भावही देतो. पण पूर्ण वलांडीभर माल त्यात मावत नाही. दक्षिणेकडे वेंगुर्ल्याला तर महिलांच्या गटाने कांदळवनात पर्यटकांना होडीतून फिरवायचं काम सुरू केलं. कांदळवन लाटांचा जोर मोडतं आणि मासळीची पिल्लं तिथेच वाढतात, म्हणून ते राखून पोट भरणं मला फार पटतं.

यातलं बरंचसं त्या स्वतःच्या जोखमीवर करतात, आणि इथेच माझा जीव तुटतो. आमच्या खान्देशात गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो. जळगावच्या केळीला हवामानावर आधारित विमा आहे: पारा ठरलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली ठरलेले दिवस राहिला की भरपाई. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. मग वलांडीवरच्या मालालाही केळीसारखाच नियम लावावा: हंगामात गावच्या पर्जन्यमापकावर ठरलेल्या मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, की वाळवणाऱ्या बाईच्या खात्यात पैसे. बोटीच्या मालकाच्या नाही, तिच्याच.