४ फुटी फिश टँकसाठी लाकडी स्टँड घरी बनवतोय. प्लाय १२ मिमी पुरेल की १८ मिमी घ्यावा?

वरच्या फळीला १८ घ्या. पण निव्वळ प्लायच्या जाडीवर स्टँड उभा राहत नाही. वजन पायांवर कसं उतरतं त्यावर सगळं आहे, आणि हे मी एक टाकी गमावून सांगतोय.

माझीही चार फुटीच होती, १२० × ४५ × ४५ सेंमी. काठोकाठ भरली तर २४३ लिटर, म्हणजे तेवढेच किलो. १० मिमी काचेचे साधारण ५० किलो, वर वाळू आणि दगड. सव्वातीनशे किलो सहज होतात, तेही चोवीस तास. स्टँड मी आणि दादाने मिळून केला. दादाचं म्हणणं, आडव्या पट्ट्या पायांना बाहेरून लावू आणि स्क्रूने आवळू, लोखंड काय लाकडाला हार जाणार आहे? मला पट्ट्या पायांच्या डोक्यावर टेकवायच्या होत्या. "खाचा पाडत बसलास तर दोन दिवस जातील," म्हणून त्याने विषय मिटवला. तो थोरला, मी गप्प बसलो.

सात महिने सगळं ठीक होतं. मग एका पहाटे पाण्याच्या आवाजाने जाग आली. पुढच्या उजव्या कोपऱ्यात तळाच्या काचेला तिरका तडा. टाकीत दोन ऑस्कर मासे होते. एक बादलीत टाकून वाचला. दुसरा सोफ्याखाली सापडला तोवर उशीर झाला होता. सहा वर्षं सांभाळला होता मी त्याला.

दादा आजही म्हणतो की काच हलकी होती आणि स्टँड नंतर पाण्याने वाकडा झाला. मी त्याच सकाळी टाकी उतरवून चौकटीवर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवली होती. तीन कोपरे एका पातळीत, चौथा ४ मिमी खाली. स्क्रूंनी तिथल्या पायाचं लाकूड उभं चिरलं होतं आणि पट्टी खाली घसरली होती. भिजलेलं लाकूड फुगतं. फुगून कोपरा वर आला असता, खाली कसा जाईल? काच कितीही चांगली असो, तिला पीळ सोसत नाही. एका कोपऱ्याचा आधार गेला की ती तिथेच उकलते.

म्हणून पट्टी पायाच्या डोक्यावरच बसली पाहिजे, किंवा पायात खाच पाडून तिच्यात. वजन लाकडावरून लाकडावर जाऊ द्या. स्क्रू आणि गोंद सांधा जागेवर धरायला, भार पेलायला नाही. यात मी कुणाचं ऐकणार नाही. पाठीमागे मात्र प्लाय हवाच, तिथे १२ चालेल. त्याचं काम स्टँडला बाजूला कलू न देणं, म्हणून पाइपसाठी भोकं पाडा, अख्खी पाठ उघडी सोडू नका. पार्टिकल बोर्डला हात लावू नका, पाणी लागलं की त्याचा भुसा होतो. पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्याही कापलेल्या कडा रंगाने किंवा पॉलिशने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. पाणी टप्प्याटप्प्याने भरा, दर टप्प्याला पाणसळ लावा. फरक दिसला तर टाकी रिकामी करून पाचर पायाखाली द्या, टाकीखाली नाही.

टाकीखाली फोमची शीट घालायला सगळे सांगतात. तळाची काच थेट फळीवर टेकत असेल तर घाला. टाकीला खालून प्लॅस्टिकची चौकट असेल तर घालू नका, तिथे भार कडांवरच राहायला हवा. आणि फोम बारीक खडबडीतपणा झाकतो, ४ मिमीचा फरक नाही.

दोन फुटी टाकी असती तर एवढं लिहिलं नसतं, तिला साधं भक्कम टेबलही पुरतं. दारं लावणार असाल तर आतली उंची कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर, स्टँडच्या आत ठेवायचा डबा-फिल्टर) मोजून ठरवा. त्याचं झाकण काढायला वर जागा लागते, ती धरूनच पाय कापा.