संगणक सुरू होत नसताना पेनड्राइव्हवरील लिनक्स कसे वापरावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत: संगणकातील मूळ प्रणाली (उदा. विंडोज) चालत नसेल, तर पेनड्राइव्हवरून थेट चालणारे लिनक्स, म्हणजेच लाइव्ह लिनक्स, कितपत उपयोगी पडते? पहिल्या पत्रातील प्रसंगात उशीर झाल्यास नुकसान वाढत जाणारे आहे, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी पनवेल येथे कर सल्लागार आहे. कार्यालयातील संगणकाची १ टीबीची हार्ड डिस्क आठ वर्षे जुनी आहे. गेल्या आठवड्यापासून विंडोज सुरू होताना डिस्क तपासत असल्याचा संदेश येतो, टक्केवारी तासन्‌तास एकाच आकड्यावर थांबते आणि शेवटी संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. अनेक अशिलांचे टॅलीतील हिशेब त्यावर आहेत व शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा आहे. दुरुस्ती करणारे गृहस्थ विंडोज नव्याने टाकावे असे म्हणतात, तर माझा भाचा लाइव्ह लिनक्स वापरून पाहू म्हणतो. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : भाच्याचे ऐकावे, आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत तो संगणक कृपया सुरू करू नये. आपण वर्णन केलेली लक्षणे पाहता डिस्कच्या पृष्ठभागावरील काही सेक्टर (माहितीचे छोटे कप्पे) वाचले जात नसावेत असा दाट संशय येतो. अशा डिस्कवर विंडोज सुरू करण्याचा प्रत्येक प्रयत्न म्हणजे तिच्यावर नव्याने लेखन करणे होय, कारण विंडोज सुरू होतानाच नोंदी लिहिते, पेज फाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) वापरते आणि फाइल व्यवस्थेत दोष आढळल्यास तो स्वतःहून दुरुस्त करू पाहते. निरोगी डिस्कवर ही दुरुस्ती हितकारक असते. पण वाचनच अडखळत असलेल्या डिस्कवर तिच्यामुळे फायलींचे शाबूत धागेही तुटू शकतात. विंडोज नव्याने टाकणे तर याहून वाईट, कारण त्यात जुन्या माहितीच्या जागी नवी माहिती लिहिली जाते आणि तशी पुसली गेलेली माहिती परत मिळत नाही.

लाइव्ह लिनक्सचे मोल नेमके येथे आहे. संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवर संकुचित स्वरूपात असते, ती केवळ वाचली जाते आणि काम करताना होणारे सर्व बदल रॅममध्ये राहतात. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली नॉपिक्स हे लाइव्ह लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा ७०० एमबीच्या सीडीत सुमारे २ जीबीचे सॉफ्टवेअर बसवून त्याने ही कल्पना सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोचवली. मुद्दा असा की संगणक चालू असतो, पडद्यावर सर्व साधने हाताशी असतात आणि तरीही आपली आजारी डिस्क पूर्ण विश्रांती घेत असते. आपण सांगू तेव्हाच, आणि सांगू तेवढेच, तिला काम पडते. या कामासाठी मी सिस्टिमरेस्क्यू ही आवृत्ती सुचवेन, कारण ती डिस्कवरील पार्टिशन (विभाग) आपण सांगितल्याशिवाय जोडत नाही. उबुंटूसारख्या सर्वसाधारण लाइव्ह प्रणालीत फाइल व्यवस्थापकातील एका क्लिकने पार्टिशन लेखनासह जोडले जाते, ही गोष्ट आपल्या प्रसंगात धोक्याची आहे.

पेनड्राइव्ह कसा तयार करावा, ते शेवटच्या उत्तरात दिले आहे. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर प्रथम डिस्कची प्रकृती पाहावी. स्मार्टसीटीएल ही कमांड डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी दाखवते. त्यांतील ५ क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची संख्या सांगते, १९७ क्रमांकाची नोंद वाचण्यास नकार देणाऱ्या व निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची, तर १९८ क्रमांकाची नोंद दुरुस्त न झालेल्या सेक्टरांची. शेवटच्या दोहोंत शून्याहून मोठा आकडा दिसला, तर निदान झाले असे समजावे. मात्र डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर येथेच थांबून संगणक बंद करावा. वाचन करणारे हेड बिघडल्याची ती खूण असते, सॉफ्टवेअरने त्यावर इलाज होत नाही आणि धूळविरहित कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे जाणे एवढाच मार्ग उरतो. हिशेबांचे मोल पाहता तो खर्च करावा की नाही, हे आपणच ठरवावे. पण तशा डिस्कवर घरी प्रयोग करू नयेत.

आवाज नसेल, तर संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा, म्हणजे एका फाइलमध्ये सबंध नक्कल, घ्यावी. त्यासाठी २ टीबीची नवी बाह्य डिस्क विकत आणावी आणि ती एक्सटी४ किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. एफएटी३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. प्रतिमा घेण्यासाठी डीडी ही जुनी कमांड वापरू नये, कारण वाचता न आलेला पहिलाच सेक्टर समोर आला की ती तेथेच थांबते. अँटोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेले जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन या कामासाठीच बनले आहे. ते आधी सहज वाचता येणारा सर्व भाग भराभर उचलते, अडखळणाऱ्या जागा वगळून पुढे जाते आणि कोठे काय राहिले याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवते. पहिल्या फेरीत ‘एन’ हा पर्याय द्यावा, म्हणजे ते खराब भागाला खरवडत बसत नाही. बहुतांश माहिती सुरक्षित आल्यावर, दुसऱ्या फेरीत थेट वाचनाचा ‘डी’ आणि तीन पुनर्प्रयत्नांचा ‘आर ३’ हे पर्याय देऊन उरलेल्या जागांकडे वळावे. मधेच वीज गेली, किंवा डिस्क तापली म्हणून आपण स्वतः काम थांबवले, तरी तीच मॅप फाइल देऊन पुन्हा सुरुवात केली की काम जिथल्या तिथून पुढे जाते. ही मॅप फाइल नव्या डिस्कवरच ठेवावी. पेनड्राइव्हच्या लाइव्ह प्रणालीत ठेवली, तर ती रॅममध्ये राहील आणि संगणक बंद होताच नाहीशी होईल.

या सर्वांत एकच चूक अशी आहे की जिला क्षमा नाही: मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे मिळतात आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. म्हणून माझा स्वतःचा नेम असा आहे की एलएसबीएलके या कमांडने प्रत्येक डिस्कचा आकार, मॉडेल आणि अनुक्रमांक पाहायचा, दोन्ही अनुक्रमांक कागदावर लिहून त्यापुढे ‘मूळ’ व ‘नवी’ असे शब्द लिहायचे आणि कमांड टंकित केल्यावर एंटर दाबण्यापूर्वी त्या कागदाशी एकदा ताडून पाहायचे.

प्रतिमा पूर्ण झाली की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि पुढचे सर्व काम प्रतिमेवर, तेही केवळ वाचनासाठी जोडून करावे. त्यातून टॅलीचा संपूर्ण डेटा फोल्डर उचलावा. प्रत्येक कंपनीचा फोल्डर क्रमांकाच्या नावाचा असतो आणि त्यातील फायली एकमेकींवर अवलंबून असतात, म्हणून निवडक फायली न घेता फोल्डर सबंध घ्यावा. नव्या संगणकावर प्रत्येक कंपनी उघडून शेवटच्या महिन्याची ताळेबंदाची बेरीज छापील कागदांशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय काम झाले असे मानू नये, कारण फाइल दिसणे आणि फाइल शाबूत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल व्यवस्थाच वाचली जात नसेल, तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे टेस्टडिस्क हे साधन प्रतिमेच्या दुसऱ्या प्रतीवर चालवून पाहता येईल. त्यांचेच फोटोरेक हे साधन अगदी शेवटी वापरावे, कारण ते फायली परत आणते, पण त्यांची नावे व फोल्डरांची रचना आणत नाही, आणि टॅलीच्या बाबतीत ती नावेच महत्त्वाची आहेत.

प्रश्न : नाशिकच्या एका महाविद्यालयात मी प्रयोगशाळा साहाय्यक आहे. आमच्या उबुंटू सर्व्हरला बॅकअपसाठी जोडलेली बाह्य डिस्क मी काढून नेली. त्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू केला असता तो बराच वेळ थांबून आणीबाणीच्या स्थितीत गेला आणि रूट (सर्वाधिकार असलेले) खाते बंद असल्याने कन्सोल (कमांड देण्याचा पडदा) उघडता येत नाही, असे सांगू लागला. पुन्हा इन्स्टॉल करावे लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. ईटीसी फोल्डरातील एफएसटॅब या फाइलमध्ये त्या बाह्य डिस्कची ओळ आहे. प्रणाली सुरू करणारी सिस्टिमडी ती डिस्क सापडेल म्हणून ९० सेकंद वाट पाहते आणि ती आली नाही की सुरू होण्याचे काम सोडून देते. उबुंटूत रूट खात्याला पासवर्ड नसतो, त्यामुळे आणीबाणीच्या स्थितीतही आत शिरता येत नाही. कोणत्याही लाइव्ह लिनक्सवरून सर्व्हर सुरू करावा, त्याचे मूळ पार्टिशन एमएनटी या फोल्डरावर जोडावे, त्यातील एफएसटॅब फाइल उघडून त्या ओळीच्या पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द घालावा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा. येथे डिस्क निरोगी असल्याने लेखनासह जोडण्यास हरकत नाही; फक्त आपण लाइव्ह प्रणालीची नव्हे, तर जोडलेल्या पार्टिशनमधील एफएसटॅब उघडली आहे ना, हे पाहावे. अनेक जण तेथेच फसतात व बदल करूनही काही घडले नाही अशी तक्रार करतात.

आपल्या पत्रात ग्रब (संगणक सुरू होताना प्रणाली निवडून ती सुरू करणारे साधन) पुन्हा कसे बसवावे, हेही विचारले आहे. त्यासाठी मूळ पार्टिशन आणि ईएफआय पार्टिशन (बूटच्या फायलींचे) आपापल्या जागी जोडावे, डेव्ह, प्रॉक, सिस व रन हे फोल्डर बाइंड पद्धतीने आत आणावे, सीएचरूट करून (म्हणजे त्या जोडलेल्या प्रणालीत शिरून) ग्रब-इन्स्टॉल व अपडेट-ग्रब चालवावे. मात्र लाइव्ह प्रणाली स्वतः यूईएफआय (संगणकाच्या आधुनिक फर्मवेअरच्या) पद्धतीने सुरू झालेली असणे आवश्यक आहे. सिस फोल्डराखाली फर्मवेअर आणि त्याखाली ईएफआय हा फोल्डर दिसत असेल, तर ती तशी सुरू झाली आहे. विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर लिनक्सचा पर्याय नाहीसा होतो, तेव्हा पुष्कळदा ग्रब जागेवरच असते आणि केवळ प्रणाली सुरू होण्याचा क्रम बदललेला असतो. अशा वेळी ईएफआयबूटएमजीआर ही कमांड चालवून किंवा यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला, तरी पुरते.

प्रश्न : आमच्या सांगली जिल्ह्यातील शाळेत संगणक शिक्षक बदलून गेले. कार्यालयातील विंडोज संगणकाचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. लाइव्ह लिनक्सने तो काढता येतो, असे ऐकले. हे शक्य आहे का?

उत्तर : प्रथम मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि बदलून गेलेल्या शिक्षकांना फोन करून पाहावे, निम्म्याहून अधिक प्रसंग तेथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. ते शक्य नसेल, तर लाइव्ह लिनक्सवरून शाळेचे सर्व दस्तऐवज बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. त्यानंतर सीएचएनटीपीडब्ल्यू हे साधन वापरून संगणकावरील स्थानिक खात्याचा पासवर्ड रिकामा करता येतो. खाते मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी जोडलेले असेल, तर पासवर्ड त्यांच्याच संकेतस्थळावरून बदलावा लागतो. आणि डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कूटबद्ध करण्याच्या सोयीने, कूटबद्ध असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की असल्याशिवाय कोणतेही लिनक्स काही करू शकत नाही. की हाती असल्यास मात्र क्रिप्टसेटअप या लिनक्समधील साधनाच्या २.३ व त्यानंतरच्या आवृत्त्या अशी डिस्क उघडू शकतात. ही की बहुधा ज्यांच्या खात्याने संगणक सुरू केला होता, त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, म्हणूनही त्या शिक्षकांशी संपर्क साधणे अगत्याचे आहे.

पासवर्ड इतक्या सहज दूर होतो, हे वाचून आपल्याला काळजी वाटली असेल, आणि ती वाटायला हवी. विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या संगणकावर केवळ विंडोजचा पासवर्ड ठेवणे पुरेसे नाही. ज्याच्या हाती पेनड्राइव्ह आहे त्याला तो अडवत नाही. शाळेने डिस्क कूटबद्ध करावी आणि रिकव्हरी कीची छापील प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी.

प्रश्न : मडगावहून लिहीत आहे. मी लिनक्सची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली असलेली एकच फाइल) पेनड्राइव्हवर उतरवली, पण संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. काय चुकत असावे?

उत्तर : फाइल नुसती कॉपी केल्याने पेनड्राइव्ह बूट होण्याजोगा होत नाही. रुफससारख्या साधनाने ती त्यावर लिहावी लागते. त्याआधी संकेतस्थळावर दिलेला शा२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आल्याची पडताळणी करणारा संकेत) उतरवलेल्या फाइलशी जुळतो का, हे पाहावे. व्हेंटॉय हे साधन एकदा पेनड्राइव्हवर बसवले, तर मात्र त्यानंतर आयएसओ फायली नुसत्या कॉपी करून चालतात, आणि सिस्टिमरेस्क्यू, डिस्कची नक्कल करणारे क्लोनझिला व पार्टिशन हाताळणारे जीपार्टेड लाइव्ह अशी तिन्ही एकाच पेनड्राइव्हवर ठेवता येतात.

पेनड्राइव्ह योग्य असूनही संगणक नकार देत असेल, तर कारण बहुधा सिक्युअर बूट (केवळ मान्य स्वाक्षरी असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) हे असते. उबुंटू, फेडोरा आणि डेबियनच्या २०१९ नंतरच्या आवृत्त्या ते चालू असतानाही सुरू होतात. सिस्टिमरेस्क्यूसाठी ते बंद करावे लागते. बंद करण्यापूर्वी बिटलॉकरची की हाताशी आहे याची खात्री करावी, कारण त्या बदलानंतर विंडोज ती मागू शकते. विंडोजचा फास्ट स्टार्टअपही अडचण करतो: संगणक बंद केला असे वाटते, पण विंडोज खरे तर अर्धवट झोपलेले असते आणि लिनक्स तसे पार्टिशन लेखनासाठी उघडायला नकार देते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केल्यास विंडोज पूर्ण बंद होते. पेनड्राइव्ह तयार झाल्यावर संगणक धडधाकट असतानाच एकदा त्यावरून सुरू करून पाहावा आणि बूट मेन्यू कोणत्या कळीने उघडतो, ते पेनड्राइव्हला चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवावे. डेल व लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांत ती एफ१२ असते, तर एचपीमध्ये एफ९.